मिळकतीचे मूल्यांकन रखडते ते आपल्याच कपाटात

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीचे एक बेकरीवाले आहेत. पाव, खारी, नानकटाई असा त्यांचा दोन पिढ्यांचा धंदा. लाकडाची जुनी भट्टी मोडून गॅसवरची नवी भट्टी बसवावी, म्हणजे रमजानच्या हंगामात दुप्पट माल निघेल, असा त्यांचा हिशेब होता. दुकानाची जागा तारण ठेवून त्यांनी बँकेकडे अर्ज केला, तोही रमजानच्या चांगला चार महिने आधी. पंधरवड्यात बँकेने नेमलेला व्हॅल्युअर आला, दीड तास थांबला, मोजमाप घेतले, फोटो काढले आणि गेला. त्यानंतर त्याचा अहवाल बँकेत पोहोचायला चार महिने लागले. मंजुरीचे पत्र हाती आले तेव्हा ईद होऊन आठवडा लोटला होता.

‘‘आपल्या लोकांना मुद्दाम लटकवतात,’’ असे ते आम्हाला म्हणाले. आम्ही त्यांची फाइल पाहायला मागितली. जागा वडिलांच्या नावावर आणि वडिलांना वारून नऊ वर्षे झालेली. घरपट्टीची पावती आजोबांच्या नावाने. मूळ खरेदीखत मुंबईला राहणाऱ्या चुलत्यांच्या कपाटात. दोन बहिणी आहेत, पण त्यांची नावे कोणत्याच कागदावर नाहीत. व्हॅल्युअरचे काम दीड तासात झाले होते. पुढचे चार महिने तो आणि बँकेचा वकील आमच्या या मित्राच्या कागदांची वाट पाहत होते.

आम्ही हे लिहितो आहोत ते त्या मित्राला दोष देण्यासाठी नव्हे. आपल्यापैकी दहा जणांची कपाटे उघडली तर बहुतेकांत हीच अवस्था सापडेल. आमचे म्हणणे एवढेच आहे की मिळकतीचे मूल्यांकन लवकर व्हावे असे वाटत असेल तर त्याची तयारी व्हॅल्युअर येण्याच्या आधी करायची असते. तो येऊन गेल्यावर केलेली धावपळ, ओळखीपाळखी आणि वशिला यांचा उपयोग फार थोडा होतो.

अन्याय आहे, पण सबब आपण का पुरवावी?

यावर कोणी म्हणेल की बँकांच्या पक्षपाताचे काय? तो आहे, हे आम्ही नाकारत नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात लिहून ठेवले आहे की काही बँका मुस्लिम वस्तीचे भाग ‘नकारात्मक’ ठरवून तेथे कर्ज देण्याचे टाळतात. आपल्या मोहल्ल्याचे नाव ऐकताच चेहरा बदलणारे अधिकारी आपण सर्वांनी पाहिले आहेत. या अन्यायाविरुद्ध बोललेच पाहिजे.

पण बोलायचे तर आपली बाजू कागदावर भक्कम हवी. कर्जाचा अर्ज नामंजूर केला तर त्याचे मुख्य कारण अर्जदाराला लेखी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना दंडक आहे. फाइल पूर्ण असताना नकार आला तर ते लेखी कारण मागता येते, वरपर्यंत तक्रार नेता येते. फाइल अपुरी असेल तर नकाराचे कारण आपणच लिहून दिलेले असते. ज्याला आपले काम करायचेच नाही त्याला आयती सबब कशाला पुरवायची?

आणि वेळ दर वेळी आपल्या सोयीची नसते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तशा स्वच्छ इंधनावर जाण्याचा आदेश दिला. सहा महिन्यांत पैसा उभा करायचा आणि त्यातले चार महिने कागद शोधण्यात जायचे, तर धंदा कसा टिकायचा? कधी गिऱ्हाईक मोठी ऑर्डर देते, कधी शेजारचा गाळा विकायला निघतो, कधी भागीदार वेगळा होतो. अशा वेळी ज्याचे कागद तयार तो पुढे जातो.

किंमत ठरवण्याची वेळ सर्वांवर येते

कर्ज घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. व्याजामुळे बँकेच्या दारातही न जाणारे आमचे अनेक वाचक आहेत. पण मूल्यांकन केवळ कर्जासाठी लागत नाही. वारसांत वाटणी करताना, भागीदारी मोडताना, गाळा विकताना, रस्तारुंदीत जागा गेल्यावर भरपाई मागताना, मुलाला परदेशी शिकायला पाठवताना, दर ठिकाणी ‘या मिळकतीची आजची किंमत काय’ हा प्रश्न येतो. तेव्हा हा विषय सर्वांचाच आहे.

व्हॅल्युअर करतो काय, हेही समजून घ्यावे. तो बँकेचा नोकर नसतो. बँकेने आपल्या यादीवर घेतलेला तो स्वतंत्र जाणकार असतो. म्हणून आपण पैसे देऊन बाहेरून आणलेला अहवाल बँक स्वीकारेलच असे नाही. आधी विचारावे, मगच खर्च करावा. जमीन-इमारतीची किंमत ठरवणारा वेगळा आणि यंत्रांची ठरवणारा वेगळा. २०१७ च्या कंपनी मूल्यांकन नियमांतही या दोहोंचे वर्ग निरनिराळे केले आहेत. मालेगाव, भिवंडीचे आमचे यंत्रमागवाले भाऊ शेड आणि माग दोन्ही तारण देणार असतील तर ते बँकेला पहिल्याच दिवशी सांगावे आणि मागांची बिले काढून ठेवावीत. शेडची पाहणी झाल्यावर मागांची आठवण झाली की दुसरा माणूस, दुसरी तारीख, दुसरी फी.

व्हॅल्युअर जागा पाहतो, मोजतो, चतुःसीमा जुळवतो, आसपासच्या अलीकडच्या खरेदी-विक्रीचे भाव काढतो, बांधकामाचे वय पाहून घसारा वजा करतो. त्याच वेळी बँकेचा वकील मालकीचा शोध घेतो, बहुधा मागच्या तीस वर्षांचा. दोघांचे कागद एकमेकांशी जुळले की काम संपते. जुळले नाहीत की फाइल थांबते. म्हणजे आपली मेहनत जुळवण्यावर हवी.

मेलेल्यांची नावे, जिवंतांची अडचण

सर्वांत मोठा घोळ वारसनोंदीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने, खरेदीने, बक्षिसाने वा वाटणीने जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. आपण तीस-तीस वर्षे कळवत नाही. ‘भाऊ-भाऊ एक आहोत, नावाचे काय अडले आहे?’ असे म्हणतो. अडते ते अशा वेळी.

गावातली शेतजमीन वा बिनशेती भूखंड असेल तर सातबारावर वारसांची नावे लागली पाहिजेत. यासाठी आता ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका असते. तिची नोंद नगर भूमापन कार्यालयात होते. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीकडे नमुना आठचा उतारा असतो आणि २०२० पासून सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिकाही मिळते. २०२५ साली राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढली, ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. एवढ्या मोहिमेची गरज पडावी, यावरून हा रोग केवळ आपल्याच समाजाचा नाही हे दिसते. पण ज्यांनी अजून नाव लावले नाही त्यांनी पुढच्या मोहिमेची वाट पाहू नये. अर्ज केल्यावर नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात, मग नोंद मंजूर होते. हे दिवस कर्जाच्या अर्जानंतर मोजायचे की आधी, हे आपल्या हाती आहे.

कामाला अवास्तव विलंब झाला तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते. अर्जाची पोच घ्यावी आणि तारीख लिहून ठेवावी. चिरीमिरी देऊन काम करून घेण्याची सवय लागली की पोच मागण्याचे धैर्य राहत नाही.

बहिणींचा हिस्सा

वारसनोंद आपण का टाळतो याचे खरे कारण स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्कळ घरांत भीती ही असते की बहिणींची नावे लागली तर त्या हिस्सा मागतील. म्हणून नोंदच नको. पण हिस्सा नोंदीने मिळत नाही; बाप वारला त्याच क्षणी शरीयतप्रमाणे तो प्रत्येक वारसाचा झालेला असतो. नाव न लावल्याने तो नाहीसा होत नाही, फक्त लपतो. आणि बँकेचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो हाच: ‘मयताचे वारस किती?’ मग सासरी असलेल्या बहिणीला फोन जातो, ‘उद्याच्या उद्या ये, एका कागदावर सही करायची आहे.’ तो कागद हक्कसोडपत्र असतो, हे तिला कचेरीत गेल्यावर कळते.

समजा मयताच्या मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत, कर्ज-वसियत काही नाही आणि दुकानाची किंमत चाळीस लाख ठरली. पत्नीचा आठवा हिस्सा पाच लाख. उरलेल्या पस्तीस लाखांत प्रत्येक मुलाचे चौदा लाख आणि मुलीचे सात लाख. ही सात लाखांची रक्कम आहे, ईदच्या जोडीची नव्हे. बहीण खुशीने हिस्सा सोडत असेल तर तिला तो अधिकार आहे. पण आधी मूल्यांकन करावे, तिला आकडा सांगावा, मग सही घ्यावी आणि हक्कसोडपत्र रीतसर नोंदवावे. किंमत न सांगता घेतलेली सही पुढे कोर्टात भांडणाचे मूळ होते आणि अल्लाहसमोर त्याचा जाब द्यावा लागेल तो वेगळाच. ज्या घरात बहिणीचे नाव आधीपासून उताऱ्यावर आहे, त्या घरात सहीसाठी धावपळ होत नाही. आमच्या पाहण्यात अशा घरांची मूल्यांकने आठवड्यात झाली आहेत.

हिबाचेही तेच. तोंडी हिबा आपल्या कायद्याने चालतो. देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी हव्यात. तो लेखी केला तरी नोंदणी सक्तीची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात स्पष्ट केले आहे. पण कोर्टात टिकणारी गोष्ट बँकेच्या टेबलावर दिसलीच पाहिजे. वालिदांनी चार माणसांसमोर दुकान तुम्हाला दिले, ताबाही दिला, पण उतारा त्यांच्याच नावावर राहिला, तर व्हॅल्युअरने अहवालात मालक म्हणून कोणाचे नाव लिहायचे? म्हणून वालिद हयात आहेत तोवरच हिबानामा लिहून, शक्य तर नोंदवून, फेरफार करून घ्यावा.

एक माणूस, पाच नावे

आपल्या नावांचा घोळ हा खास आपला. खरेदीखतात ‘शेख अब्दुल गफूर अब्दुल रहीम’, सातबारावर ‘अ. गफूर शेख रहीम’, घरपट्टीवर ‘गफूर रहीम’, आधार कार्डावर ‘अब्दुल गफ्फार शेख’. लिहिणाऱ्याला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले आणि आपण दुरुस्त केले नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला हा माणूस कोण ते ठाऊक आहे. संगणकाला ही चार माणसे वाटतात. स्त्रियांच्या नावांत तर बी, बेगम, बानो यांची अदलाबदल होतच असते.

यावर उपाय असा. सर्व कागद टेबलावर मांडून प्रत्येकावरील नाव अक्षर न बदलता एका कोऱ्या पानावर उतरवा. फरक किरकोळ असेल तर ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र बहुधा चालते. बँकेला आधी विचारून तसे करावे. फरक मोठा असेल तर मूळ नोंद दुरुस्त करून घ्यावी. आणि पुढे मुलांच्या शाळेच्या दाखल्यापासून एकच नाव, एकाच क्रमाने लिहावे.

माप, नंबर आणि माळा

दुसरा घोळ मापाचा. जुन्या खतात जागा वारात, सातबारावर आरमध्ये, नकाशात चौरस मीटरमध्ये आणि दलालाच्या तोंडी गुंठ्यात. एक चौरस वार म्हणजे नऊ चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तर आर म्हणजे शंभर चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. गुंठा आणि आर एकच समजून अर्ज भरला की आकडे जुळत नाहीत आणि अहवालावर प्रश्नचिन्ह पडते. गाळ्याच्या बाबतीत चटई क्षेत्र आणि बिल्टअप क्षेत्र यांची गल्लत करू नये. कागदावरचे माप आणि जागेवरचे माप यांत मोठा फरक असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणून ‘क’ प्रत जवळ ठेवावी. मोजणीची तारीख मिळायला वेळ लागतो, हे लक्षात घेऊन ती आधीच मागावी.

जुन्या गल्ल्यांत घरनंबर दोन-तीनदा बदललेले असतात. खतात एक नंबर, घरपट्टीत दुसरा, सिटी सर्व्हेचा तिसरा. तिन्ही एकाच जागेचे आहेत हे दाखवणारा पालिकेचा कागद असला तर पाहणारा अर्ध्या तासात समजून घेतो. नसला तर तो शेजाऱ्यांना विचारत फिरतो आणि आपण ‘उशीर करतो’ म्हणून त्याच्यावर चिडतो.

आता माळ्याचे. मंजूर नकाशात एक मजला आणि जागेवर दोन, शिवाय पोटमाळा, हे चित्र कोठे नाही? बिनपरवाना बांधकामाची किंमत व्हॅल्युअर बहुधा धरत नाही. पुष्कळ बँका त्यावर हरकतही घेतात. ते लपवण्यात अर्थ नाही, कारण तो फोटो काढतो आणि फोटोत माळा दिसतो. जे आहे ते सांगावे, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र असेल ते द्यावे आणि नियमित करून मिळण्यासारखे असेल तर त्याचा अर्ज आधी करावा. गुंठेवारीतल्या भूखंडांसाठी २००१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याची सवलत मिळाली. ज्यांचे भूखंड त्यात बसतात त्यांनी ते काम आधी उरकावे.

आणखी एक. जागा आपलीच आहे ना, हेही नीट पाहावे. पागडीचे दुकान कितीही जुने असले तरी आपण भाडेकरू असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली, मालकी दिली नाही. वक्फच्या जागेवर भाड्याने बसलेल्या दुकानदाराला ती जागा गहाण ठेवता येत नाही. अशांनी जागेच्या मूल्यांकनाची फी भरून महिने घालवण्यापेक्षा माल, यंत्रे किंवा दुसरे तारण यांविषयी आधीच बोलावे.

पाहणीच्या दिवशी

पाहणीची तारीख ठरली की जागेचा प्रत्येक भाग उघडा राहील असे पाहावे. गोदामाची किल्ली पुतण्याकडे आणि पुतण्या सुरतला, असे होऊ नये. पोटभाडेकरू असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगावे. घर तारण असेल तर आतल्या खोल्याही दाखवाव्या लागतात. ‘आत बायका आहेत’ म्हणून माणसाला दारातून परत पाठवले की पाहणी अपुरी राहते आणि दुसरी तारीख पडते. घरात आधी कल्पना दिली तर पडद्याची सोय सहज होते. मूळ कागद दाखवावेत, झेरॉक्सचा एक स्वच्छ संच हाती द्यावा. खरेदीखत, सूची दोन, ताजा उतारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, चालू वर्षाची घरपट्टी व वीजबिल, भाडेकरार असल्यास तो, एवढे एका फाइलीत क्रमाने लावलेले असावे. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो; सहा वर्षांपूर्वीची चुरगळलेली नक्कल देण्याचे कारण नाही.

बोलायला माहीतगार माणूस एकच असावा. तीन भाऊ तीन उत्तरे देऊ लागले की पाहणाऱ्याच्या मनात शंका येते. पाहणी संपली की ‘आणखी काय हवे?’ असे विचारून तिथेच लिहून घ्यावे आणि ते दोन दिवसांत पोचवावे. नंतर आठवड्यातून एकदा शांतपणे विचारणा करावी. रोज दहा फोन आणि नगरसेवकाची चिठ्ठी यांनी काम पुढे जात नाही.

आकडा वाढवून मागू नये

शेवटी एका वाईट सवयीविषयी. काही जण व्हॅल्युअरला चहा पाजतात ते ठीक. पण त्याबरोबर ‘जरा आकडा वर लिहा’ म्हणून पाकीटही पुढे करतात. फी पावतीने द्यावी, त्यापलीकडे काही नाही. फुगवलेल्या किमतीवर घेतलेले कर्ज आपल्यालाच फेडायचे असते. आणि असा अहवाल शंकेचा वाटला की बँक दुसरा व्हॅल्युअर पाठवते. मग लवकर होणारे काम दुप्पट लांबते.

उलट बाजूही आहे. जागा घेताना आपण मुद्रांक वाचवण्यासाठी खतात किंमत कमी दाखवतो आणि उरलेली रक्कम रोखीने देतो. तो व्यवहार गैर आहेच, पण त्याचा फटका पुन्हा आपल्यालाच बसतो. आपल्या गल्लीचा भाव व्हॅल्युअर काढतो तो नोंदलेल्या व्यवहारांवरून. दहा शेजाऱ्यांनी दहा खतांत निम्मी किंमत लिहिली तर अकराव्याच्या जागेलाही निम्माच भाव लागतो. सरकारचा रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो बाजारभाव नव्हे. बाजारभावाचा पुरावा आपणच पुसून टाकला, मग ‘आमच्या मोहल्ल्याला भाव देत नाहीत’ ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

एवढे करता येईल

आमची व्यापारी संघटनांना, बाजार कमिट्यांना आणि जमातींना एक सूचना आहे. महिन्यातून एक रविवार कागदांसाठी ठेवावा. निवृत्त तलाठी, नगर भूमापन कचेरीतला एखादा माजी कर्मचारी, एक वकील आणि मोबाइलवर अर्ज भरू शकणारी दोन कॉलेजची मुले-मुली, एवढी माणसे कोणत्याही गावात मिळतात. ज्याने त्याने आपली फाइल आणावी, काय कमी आहे ते एका कागदावर लिहून घ्यावे. याला देणगी लागत नाही. विधवा आणि अशिक्षित कारागीर यांना दलालाच्या हाती जाण्यापासून वाचवण्याचे काम यात आपोआप होईल.

त्या बेकरीवाल्यांची नवी भट्टी शेवटी बसली. एक हंगाम गेला तो गेलाच. पण मधल्या काळात त्यांनी वारसनोंद करून घेतली आणि दोन्ही बहिणींची नावे उताऱ्यावर लागली. एका बहिणीने आपला हिस्सा धंद्यातच ठेवला आहे, दुसरीला ते हप्त्याने देत आहेत. पुढच्या वेळी बँकेचा माणूस आला तर त्याला थांबावे लागणार नाही, असे ते आम्हाला म्हणाले.

आमच्या वाचकांनी हंगाम बुडण्याची वाट पाहू नये. या शुक्रवारी नमाजनंतर घरी आल्यावर कपाट उघडावे, कागद बाहेर काढावेत आणि पहिल्या उताऱ्यावर नाव कोणाचे आहे ते पाहावे. ते नाव हयात नसलेल्या माणसाचे असेल तर सोमवारी तलाठी कचेरीची वाट धरावी.